गोल कोणी मारला ते कळलं, बॉल कोणी काढला?

संपादक महाशय,

ऑक्टोबर आला की आपल्या क्रीडा पानावरच्या ‘आजच्या दिवशी’ चौकटीत तीच ओळ येते. ९ ऑक्टोबर २०१७, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, सतरा वर्षांखालील विश्वचषक, कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जिक्सन सिंगचा हेडर, फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. ओळ खरी आहे. पण हा पोरगा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू आहे, हे त्या चौकटीत एकदाही आलेलं नाही. मी स्वतः हाफ, म्हणून मला ते खुपतं.

१९८०च्या दशकात मी आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून सात हंगाम सेंटर हाफ खेळलो. सात हंगामांत माझे गोल तीन, त्यातला एक पेनल्टीचा. पेपरच्या कात्रणांत माझं नाव दोनदा आहे, त्यात एकदा चुकीचं छापलेलं. तेव्हा कोल्हापुरात आम्हाला ‘हाफ’ म्हणत, आता पोरं ‘मिडफिल्डर’ म्हणतात. काम तेच. समोरच्याचा बॉल काढायचा, आपल्या फॉरवर्डला द्यायचा आणि परत जाग्यावर यायचं. परत येणं कुणी बघत नाही.

त्या गोलचंच घ्या. कॉर्नर संजीव स्टॅलिनचा. जिक्सन सहा फुटांहून उंच, म्हणून कॉर्नरला पुढं गेला आणि डोकं लागलं. आम्ही घरात टीव्हीपुढं अजून उड्या मारत होतो, तेवढ्यात ८३व्या मिनिटाला पेनालोझाने कोलंबियाचा दुसरा गोल घातला. सामना २-१ ने गेला. पेपरवाले ८२वं मिनिट लक्षात ठेवतात. माझी पैज आहे की त्या पोराच्या डोक्यात ८३वं जास्त राहिलं असेल. गोल झाल्यावर सगळे हवेत असताना मधली जागा कोणी धरायची, ही चिंता हाफचीच.

जिक्सन मणिपूरच्या थौबल जिल्ह्यातला. वडील मणिपूर पोलिसांत होते, स्वतः फुटबॉल खेळलेले. २०१५ मध्ये त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि नोकरी सुटली. आई इंफाळच्या ख्वैरामबंद बाजारात भाजी विकायची. तिथं विकणाऱ्या सगळ्या बायकाच असतात. त्या विश्वचषकातला भारताचा कर्णधार अमरजित सिंग कियाम हा जिक्सनचा नात्यातला भाऊ, तोही हाफ. एका नात्यातले दोन हाफ एका विश्वचषक संघात! आमच्या पेठेत असं झालं असतं तर महिनाभर फलक उतरले नसते.

आता मुद्द्याची गोष्ट. हा पोरगा आधी संघाच्या निवडीत नाकारला गेला होता. मग तो पंजाबच्या मिनर्व्हा अकादमीत खेळला. विश्वचषकाच्या तयारीतल्या भारताच्या संघाशी मिनर्व्हाचा सामना झाला आणि मिनर्व्हाने तो जिंकला. भारताचे पोर्तुगीज प्रशिक्षक लुईस नॉर्टन डी मातोस समोरच होते. त्यानंतर मिनर्व्हाची काही पोरं भारताच्या संघात आली, त्यात जिक्सन. म्हणजे कोणीतरी त्याला पुऱ्या सामन्यात, दमदार संघासमोर खेळताना बघितलं. हाफ बघायचा असेल तर तसाच बघावा लागतो.

हे सांगायचं कारण माझा नातू. सोळा वर्षांचा आहे, हाफ खेळतो (दोष माझाच). यंदा उन्हाळ्यात एका अकादमीच्या निवड चाचणीला त्याला घेऊन गेलो होतो. नाव लिहीत नाही, ते महत्त्वाचं नाही. शे-सव्वाशे पोरं, पाठीवर चिकटपट्टीचे नंबर, प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस मिनिटं. एकमेकांना न ओळखणारी अकरा पोरं एका बाजूला, तशीच अकरा दुसऱ्या बाजूला. जो तो बॉल घेऊन सुसाट गोलकडं, कारण वहीत टिपून घेणारे साहेब गोलच्या मागं उभे. नातवाला नऊ वेळा बॉल मिळाला. मी मोजला. आठ वेळा नीट दिला, एकदा घालवला. उरलेला वेळ तो समोरच्या दहा नंबरच्या, म्हणजे त्यांच्या चाली रचणाऱ्या पोराच्या, पुढं उभा राहिला, त्यामुळं त्या दहा नंबरला कोणी पास देईना. हे मात्र गोलच्या मागून दिसत नाही. निवडलेली पोरं जवळजवळ सगळी गोल मारलेली होती. बसमध्ये नातू म्हणाला, “आबा, पुढच्या वेळी मी फॉरवर्ड म्हणून नाव देतो.” मी काहीच बोललो नाही. इचलकरंजी फाटा येईपर्यंत तो खिडकीतनं बाहेर बघत होता.

पेपरचा संबंध इथं येतो. केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगच्या बातम्या आपल्याकडं नियमित येतात, त्याबद्दल आभार. शाहू स्टेडियमवर येणारा निम्मा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तीच बातमी वाचतो. पण बातमीत काय असतं? अमक्याने तिसाव्या मिनिटाला गोल केला, तमक्याने बरोबरी साधली, दोघांना पिवळं कार्ड. हाफ दिसतो तो पिवळ्या कार्डातच. पोरं हे वाचूनच मोठी होतात, आणि निवडणारेही हेच वाचतात.

आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्याच विश्वचषक संघात होता आणि त्याचं कौतुक आम्ही अजून करतो. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यात बांबोळीला ही विश्वचषकाची पोरं ‘इंडियन ॲरोज’ म्हणून आय-लीग या देशातल्या व्यावसायिक स्पर्धेत उतरली आणि पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीला ३-० ने हरवलं. दोन गोल अनिकेतचे. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळ्यांना गोल पाठ होते. मी विचारलं, मधली फळी कुणी धरली होती? सगळे गप्प. अनिकेतवर राग नाही हो, पोरगा आपलाच. पण अठराच्या आतली पोरं मोठ्या व्यावसायिक संघाला ३-० ने हरवतात, तेव्हा मध्ये कोणीतरी बरंच राबलेलं असतं.

जिक्सनही ॲरोजमध्येच व्यावसायिक झाला, मग केरळ ब्लास्टर्स संघाकडं गेला आणि २०१९च्या हंगामापासून आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) दिसू लागला. तिथंही लोकांना आठवतो तो गोलच. २० डिसेंबर २०२०, पुन्हा बांबोळी. कोरोनामुळं अख्खी स्पर्धा गोव्यात, मैदानात प्रेक्षक नाहीत, ईस्ट बंगाल एका गोलने पुढं, आणि भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला जिक्सनने हेडरने बरोबरी केली. २०२२ मध्ये फातोर्ड्याला अंतिम सामना हैदराबादशी. पेनल्टीवर गेला. जिक्सनची पेनल्टी हैदराबादच्या गोलरक्षकाने, लक्ष्मीकांत कट्टीमनीने, अडवली. कट्टीमनीने त्या दिवशी तीन अडवल्या आणि चषक हैदराबादला गेला. तेव्हा जिक्सन एकवीसही पूर्ण नव्हता. त्या पेनल्टीची ओळही कुठल्यातरी चौकटीत असेल. एक हेडर, एक बरोबरी, एक हुकलेली पेनल्टी. या तीन क्षणांच्या मध्ये जे शेकडो बॉल त्याने काढले, ते कुठंच नाहीत. ब्लास्टर्सने त्याला वर्षानुवर्षं ठेवलं आणि २०२४ मध्ये ईस्ट बंगालने त्याला घेतलं, ते त्या शेकड्यांवर.

माझी मागणी छोटी आहे. सामन्याच्या बातमीखाली एक ओळ वाढवा. दोन्ही संघांच्या हाफनी किती बॉल काढले, एवढीच. आमच्या जिल्ह्याचा बातमीदार म्हणेल, मोजायला माणूस कुठनं आणू? माणूस आहे. मी गेली चार वर्षं शाहू स्टेडियमवर शंभरपानी वही घेऊन बसतो. चार रकाने आहेत: काढला, दिला, घालवला, जागा धरली. पाच-पाचच्या गठ्ठ्यानं रेघा मारतो. शेजारचे तरुण हसतात, “आबा, हिशेब जुळला का?” म्हणतात. चौथ्या रकान्यात माझ्या डोळ्यांवर भिस्त आहे, तेव्हा थोडं इकडंतिकडं होणार, ते मान्य. पहिले तीन मात्र चोख.

हंगाम सुरू झाला की आपल्या बातमीदाराने मध्यंतरात माझ्याकडं यावं आणि आकडे उतरवून घ्यावेत. वही मात्र घरी नेता येणार नाही. शेवटचं पान नातवाच्या त्या पंचवीस मिनिटांचं आहे आणि ते त्याने अजून बघितलेलं नाही.

आपला,
एक जुना वाचक व जुना हाफ
मंगळवार पेठ, कोल्हापूर