शेवटी क्रॉसच निघाला

कळवा, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

गणपतीत फोन करतो म्हणालो होतो, आता दिवाळीही उलटली. शिव्या जपून ठेव, भेटल्यावर घाल. तब्येत बरी, शुगर काठावर. कानाचं पुढे येतंच.

ओम्नी आवाज करत होती. म्हणजे, करत होती म्हणे. मनू डबे पोचवायला सोबत यायची आणि जुलैपासून एकच पालुपद, "बाबा, गाडीत चिमणी आहे." मी म्हणायचो, सीटखाली तीन सिलिंडर धडधडतायत, त्यात कसली चिमणी? तिला गप्प बसवली. आणि हे कोणी, तर पॉलिटेक्निकच्या कट्ट्यावर पाठमोरा बसून कोणाची स्कूटर आली ते सांगणाऱ्याने! (एकदा चुकलो होतो, ती सरांची निघाली. पुरे आता.)

मग टक् सुरू झालं. पहिला टाकून क्लच सोडला की टक्, रिव्हर्सला टक्. हे मलाही ऐकू आलं. गल्लीतल्या गॅरेजवाल्याने चक्कर न मारताच "गिअरबॉक्स उतरवू" म्हणून सांगितलं आणि मी, लाज वाटते रे, जवळजवळ हो म्हणालो होतो. रात्री तुझं पनवेलचं भांडण आठवलं. मी व्हील बेअरिंगवर अडून बसलेलो, तू ओरडलास, "आधी न्यूट्रल कर, मग तोंड उघड!" त्यानंतर दोन महिने अबोला.

तर सकाळी सहाला मनूला घेऊन ठाणे-बेलापूर रोडला गेलो. पन्नासला नेऊन न्यूट्रल केली. इंजिन खाली आलं, मला नुसता वारा. मनू म्हणाली, "आहे अजून. गाडी हळू झाली की तीपण हळू होते." म्हणजे इंजिन-क्लच सुटले, चाकांबरोबर फिरणारं काहीतरी. रस्ता मोकळा बघून डावी-उजवी झुलवली, फरक नाही. म्हणजे या वेळी व्हील बेअरिंग नाही, खूश? काँक्रीट संपून डांबर लागलं, तरी तेच, म्हणजे टायरही नाही.

घरी येऊन चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला आणि खाली घुसलो. एक हात डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीच्या, फ्लँजवर, दुसरा तिथवर फिरकी आणणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर, उलटसुलट पिळलं. मागच्या क्रॉसमध्ये, दोघांना जोडणाऱ्या त्या सांध्यात, खेळ! कपांच्या कडेला मिसरीसारखी तांबूस भुकटी. शाफ्ट काढण्याआधी खूण केली, मागच्या वेळी उलटा बसवून वाशीपर्यंत दात वाजवत गेलो होतो ते विसरलेलो नाही. कप उघडला तर बेअरिंगच्या निम्म्या सुया पीठ झालेल्या, क्रॉसच्या बोटावर चरे, नख अडकावं इतके खोल. दोष माझाच. पावसाळाभर विटाव्याच्या रेल्वेपुलाखालच्या पाण्यातून काढली, ग्रीसचं नाव नाही घेतलं.

नवा क्रॉस बसवला. टक् गेलं. मनू म्हणते, चिमणीही गेली. मला काय, आधीही शांतता, आताही शांतता.

डॉक्टर म्हणतात, वरचे सूर गेलेत, वयाने जातात. हिला सांगितलं, तर म्हणाली, "मी हाक मारते ती तरी कुठे ऐकू येते?" झालं, विषय संपला. हे तुलाच सांगतोय कारण हसलास तरी तुला कळेल. अरे, आपल्याकडे दुसरं होतं काय?

आणि आता नवीनच. मनू म्हणते, पन्नासला ॲक्सिलरेटर सोडला की मागून हुंहुं येतं, दाबला की बंद. डिफरन्शियलचा प्लग काढून बोट घालून बघितलं. ऑइल दुधाळ नाही, किसही नाही. मग आतल्या पिनियन गिअरचं बेअरिंग? की हे कायमच होतं आणि मलाच आता कळतंय? अकरा वर्षांच्या पोरीच्या शब्दावर हाउसिंग उघडायचं? उघडलं आणि काही निघालं नाही तर? आणि न उघडता डबे घेऊन ऐरोलीच्या पुलावर बसली तर? चार रात्री हेच घोळतंय. गाडी २०१९ पासून बनत नाही, विकायची म्हटलं तर भंगाराचा भाव.

काकूंच्या गुडघ्याचं झालं का? चिपळूणच्या घराचं? लिही.

पुढच्या रविवारी ये. मागच्या सीटवर मनूशेजारी बस, दोघांनी मिळून ठरवा, मी नुसता चालवतो. आणि येताना माझा तो लांब स्क्रू ड्रायव्हर आण. पनवेलपासून तुझ्याकडेच आहे. तो कानाला लावून निदान धडधड तरी कळेल.

तुझा,
पम्या