धावत्या कॅराव्हॅनमध्ये मुलांनी बसायचे कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्ट्या लागायच्या बेतात आल्या की कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने देणाऱ्यांच्या जाहिराती मोबाईलवर सुरू होतात. त्यांतल्या अनेक चित्रांत गाडी घाटातून धावत असते आणि आतल्या गादीवर दोन-तीन मुले लोळत खिडकीबाहेर बघत असतात. लहान मुले असलेल्या कुटुंबाला हे चित्र भुरळ घालते यात नवल नाही. परंतु धावत्या गाडीत मुलांना असे मोकळे सोडणे कायद्यात बसत नाही आणि ते जिवावर बेतू शकते, हे त्या जाहिरातींत कुठेही लिहिलेले नसते. त्याकडे आपल्या दैनिकामार्फत पालकांचे आणि संबंधित खात्यांचे लक्ष वेधावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १९४-ब आले. चौदा वर्षांखालील मूल सीट बेल्टने किंवा बालआसनात (चाइल्ड सीटमध्ये) सुरक्षित बसवलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला किंवा तशी चालवू देणाऱ्याला १,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीच्या आत पलंग, शेगडी आणि फ्रीज आहे म्हणून ती रस्त्यावर असताना घर ठरत नाही. दंडाची रक्कम बाजूला ठेवली तरी गणित बदलत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबली, तर आत मोकळे बसलेले मूल त्याच वेगाने पुढे फेकले जाते आणि तो वेग साधारण तीन मजल्यांवरून खाली पडताना येणाऱ्या वेगाइतका असतो. मांडीवर घट्ट धरले म्हणून बाळ सुरक्षित राहते ही समजूत त्या क्षणी कोणाचेही हात खरी करू शकत नाहीत.

आम्ही गेल्या हिवाळ्यात साताऱ्याहून चिपळूणमार्गे गुहागरला जाण्यासाठी अशी गाडी घेतली होती. बरोबर पाच वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. आरक्षण करताना ‘सहा जणांची सोय’ असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पुढे तोंड करून बसता येईल अशी पट्टा असलेली आसने चालकाशेजारचे एक आणि त्यामागची दोन, एवढीच होती. उरलेल्यांसाठी भिंतीलगतचा आडवा बाक होता. त्यावरही पट्टे दिसले म्हणून मी गादी उचलून पाहिले, तर पट्ट्याचे टोक प्लायवूडच्या पेटीला लाकडात मारायच्या साध्या स्क्रूंनी जोडलेले होते. गाडीच्या लोखंडी सांगाड्याशी त्याचा काही संबंधच नव्हता. धक्का बसताच असा पट्टा पेटीसकट उखडून येईल, हे सांगायला अभियंता लागत नाही. शिवाय आडव्या बाकावर बालआसन बसवायचेच नसते, कारण ती आसने पुढच्या किंवा मागच्या दिशेने येणारा धक्का झेलण्यासाठी बनवलेली असतात. आमच्याकडचे बालआसन मागच्या दोन आसनांपैकी एकावर बसले, दुसऱ्यावर मुलगी बसली आणि माझ्या सासूबाई चालकाशेजारी. मी आणि यजमान आमच्या मोटारीतून मागोमाग गेलो. ज्या कुटुंबाकडे दुसरी गाडी नाही, त्याने काय करायचे?

आडव्या बाकाचा आणखी एक त्रास कुंभार्ली घाटासारख्या वळणावळणाच्या रस्त्यावर कळतो. ज्या मुलांना गाडी लागते, त्यांना बाजूला तोंड करून बसवले की पाच वळणांत उलटी ठरलेली. मग मूल रडते, आई पट्टा सोडून उठते आणि चालत्या गाडीत उभी राहून त्याचे तोंड धुऊ लागते. त्यातच एखाद्या कप्प्याचा खटका नीट लागलेला नसला तर पहिल्याच उताराला कुकर, डबे, गॅसचा लायटर असे सगळे बाहेर येते. आमच्या गाडीत स्टीलचा पोळ्यांचा डबा मुलगी बसली होती त्या आसनाच्या पायाशी येऊन आदळला. दोन्ही मुले बांधलेली होती म्हणून कोणी जागचे उठले नाही एवढेच.

हे सगळे असूनही कॅराव्हॅनचा प्रवास मुलांसाठी फार चांगला आहे, असे माझे मत आहे आणि म्हणूनच मी हे लिहीत आहे. बाळाची झोपेची वेळ झाली की गाडी सावलीत लावून त्याला त्याच्याच दुपट्यावर निजवता येते. दूध गरम करायला हॉटेलवाल्याची विनवणी करावी लागत नाही. लंगोट बदलायला महामार्गावरच्या स्वच्छतागृहांच्या ओल्या फरश्यांवर उकिडवे बसावे लागत नाही. लहान मुले आहेत म्हणून वर्षानुवर्षे घराबाहेर न पडलेल्या आयांना हे सुख किती मोठे आहे ते ठाऊक आहे. पण हे सारे गाडी उभी असतानाचे सुख आहे, आणि गाडी उभी करायची कुठे, हा आपल्याकडचा दुसरा मोठा प्रश्न आहे.

राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क यांच्यासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले, तेव्हा या पार्कांत पाणी, वीज, सांडपाण्याची व्यवस्था असेल अशी अपेक्षा होती. आम्ही गेलो त्या वाटेवर आम्हाला असा एकही तळ सापडला नाही. थांबायला जागा नसली की कुटुंब पुढे पुढे जात राहते, अंधार पडतो, मुले पेंगू लागतात आणि त्यांना पट्ट्यातून सोडवून मागच्या गादीवर आडवे केले जाते. पालकांच्या निष्काळजीपणाला दोष देणे सोपे आहे. परंतु मुले थकायच्या आत पोहोचता येईल इतक्या अंतरावर तळ असला, तर ही वेळच बहुतेक येणार नाही.

तळ नसल्याचा दुसरा परिणाम याहून गंभीर आहे. वीजजोडणी मिळाली नाही की उकाड्यात मुले झोपत नाहीत म्हणून रात्रभर इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून वातानुकूलन यंत्र लावले जाते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत आढळले आणि जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याने हे घडले, असे तपासातून पुढे आले. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही आणि लहान मुले मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेत असल्याने त्यांना तो लवकर बाधतो. या वायूची सूचना देणारे यंत्र गाडीच्या किमतीच्या मानाने नगण्य खर्चाचे आहे. आमच्या गाडीत ते नव्हते.

माझ्या दिराचे कुटुंब ऑकलंडला असते आणि तेथे ते मुलांसह अशा गाडीतून नेहमी फिरतात. न्यूझीलंडमध्ये सात वर्षांखालील मुलाला मान्यताप्राप्त बालआसनाखेरीज गाडीत बसवता येत नाही आणि कोणत्या आसनावर बालआसन बसते, हे त्यांना आरक्षणाच्या वेळीच सांगितले जाते. शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सार्वजनिक ठिकाणे तेथे लहान गावांतही आढळतात. आपल्याकडे ही टाकी कुठे रिकामी करायची असे मी विचारले, तेव्हा ‘रात्री कुठेतरी बघा’ असे उत्तर मिळाले. कोकणातल्या वहाळांत आणि किनाऱ्यांवर हा मैला जाऊ लागला, तर गावकरी या गाड्यांना उद्या वेशीवरच अडवतील आणि त्यांना बोल लावता येणार नाही.

परिवहन आणि पर्यटन खात्यांना माझी विनंती आहे की भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक कॅराव्हॅनवर झोपण्याच्या जागा किती आणि प्रवासात पट्ट्याने बसण्याच्या जागा किती, हे दोन आकडे वेगवेगळे ठळकपणे लिहिणे सक्तीचे करावे आणि आरक्षण दुसऱ्या आकड्यानुसारच घेतले जावे. मूळ गाडीत बदल करून बनवलेल्या कॅराव्हॅनना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. ती देताना पट्टे सांगाड्याला जोडले आहेत की लाकडाला, हे गादी उचलून तपासावे. बालआसन मागितल्यास भाड्याबरोबर मिळावे आणि कार्बन मोनॉक्साइडचे सूचक यंत्र असल्याशिवाय गाडी भाड्याने देऊच नये. तळांसाठी नवी जमीन शोधण्याची वाट न पाहता पर्यटन महामंडळाच्या निवासांच्या आवारात दोन-चार गाड्यांपुरती वीज, पाणी आणि मैला सोडण्याची सोय याच उन्हाळ्याआधी करता येईल.

तोपर्यंत गाडी ठरवणाऱ्या पालकांनी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आतल्या आसनांची छायाचित्रे मागवावीत, आणि पट्टा नेमका कशाला जोडला आहे ते दिसेल असे एक छायाचित्र त्यांत असल्याखेरीज पैसे भरू नयेत.

आपली विश्वासू,
दोन मुलांची आई, सातारा