दोन मतांचा शब्द

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतल्या संकल्पनात्मक कलेवरच्या लेखात ‘कल्पना सुचली की झालं, हात मळवायला नकोत’ असा टोमणा आहे. मी चित्रकार नाही. ३४ वर्षं मुद्रितं तपासली, एवढाच माझा अक्षरांशी संबंध. तरीही तो टोमणा झोंबला, कारण त्या अख्ख्या लेखात हान्स हाके या जर्मन संकल्पनात्मक कलाकाराचं नाव नाही.

बर्लिनच्या राइशटाग या संसदेच्या इमारतीवर १९१६ पासून ‘डेम डॉइचन फोल्के’, म्हणजे ‘जर्मन जनतेला’, अशी अक्षरं आहेत. फ्रेंचांकडून जिंकलेल्या तोफा वितळवून ती ओतली. ओतणारा कारखाना ज्यू कुटुंबाचा होता. पुढे त्यांच्यातल्याच काहींना नाझींनी मारलं. त्या ‘फोल्क’मध्ये, म्हणजे जनतेत, कोण बसतं, हे तोवर रक्तावरून ठरू लागलं होतं.

हाकेंनी २००० साली त्याच इमारतीच्या आतल्या चौकात, त्याच वळणाच्या अक्षरांत लिहिलं: ‘डेअर बेफ्योल्करुंग’. म्हणजे इथे राहणाऱ्या सगळ्यांना, मग नागरिकत्वाचा कागद असो वा नसो. जुना शब्द नव्याच्या पोटात आहेच, फक्त मागेपुढे थोडी भर. हे होऊ द्यायचं का, यावर आधी संसदेत मतदान झालं. बाजूने २६०, विरोधात २५८!

मला त्या दोन मतांचं नवल वाटत नाही. एका स्मरणिकेच्या अर्पणपत्रिकेत लेखकाने ‘जनतेस’ लिहिलं होतं. छापायच्या आदल्या रात्री निरोप आला, ‘समाजास’ करा. कोणता समाज, हे सांगायची गरज नव्हती. मी मुकाट्याने समासात खूण केली. ती खूण अजून डोळ्यांपुढे आहे.

आणि हात मळण्याचं म्हणाल, तर हाकेंची ती निऑनची अक्षरं मातीत आडवी पडली आहेत, आभाळाकडे तोंड करून. माती खासदारांनी आपापल्या मतदारसंघातून आणायची, तिच्यात जे उगवेल ते उगवू द्यायचं, खुरपणी करायची नाही. त्याआधी १९९३ मध्ये व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनातल्या जर्मन दालनातली नाझी काळातली संगमरवरी फरशी त्यांनी फोडून ठेवली होती. लोक त्या तुकड्यांवरून तोल सावरत चालत.

जाता जाता: लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात ‘सत्ता’ऐवजी ‘सट्टा’ छापलं गेलंय.

– एक निवृत्त मुद्रितशोधक