नऊ वारांची भानगड

प्रिय आई,

फोनवर नीट बोलणं होत नाही, बाबा मध्येच टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहितेय. इथे इंडियानात ऑफिसमध्ये कोणी एखादं काम अगदी अथपासून इतिपर्यंत केलं की म्हणतात 'द होल नाइन यार्ड्स'. यार्ड म्हणजे आपला वार, म्हणजे हे तर आजीचं लुगडं झालं! पण इथे लुगडं कोण नेसतंय, मग हे नऊ वार कशाचे?

विचारलं तर प्रत्येकाची वेगळीच कथा. कोणी म्हणतं दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या मशीनगनचा गोळ्यांचा पट्टा २७ फुटांचा असायचा, तो सगळा झाडला की नऊ यार्ड. कोणी म्हणतं काँक्रीटच्या ट्रकमध्ये नऊ घनयार्ड माल मावतो. इथल्या अमेरिकन फुटबॉलचंही नाव घेतात, पण तिथे चेंडू घेऊन दहा यार्ड पुढे जायला लागतं, नऊवर कोण टाळ्या वाजवणार?

मशीनगनवाली गोष्ट ऐकायला भारी आहे पण टिकत नाही गं. इथून दोनेक तासांवर मिचेल नावाचं गाव आहे (बाबांना सांग, अंतराळवीर गस ग्रिसमचं गाव), तिथल्या पेपरात १९०७ सालीच हे सापडलंय. बेसबॉलच्या मॅचची बातमी, गावची टीम विरुद्ध व्यापारी मंडळी, आणि खाली लिहिलंय की व्यापारी झेपतील तेवढ्या इनिंग खेळतील, पूर्ण नऊ यार्डांची खात्री नाही. तेव्हा कुठलं महायुद्ध आणि कुठला काँक्रीटचा ट्रक!

आणि खरी गंमत पुढेच आहे. १९१२ मध्ये शेजारच्या केंटकीतल्या पेपरात 'होल सिक्स यार्ड्स' आहे, म्हणजे सहावारी! माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट, दोघंही रिपब्लिकन पक्षाचे, यांचं तेव्हा फाटलं होतं, तर हे दोघं भांडता भांडता पक्षाची सगळी सहा यार्ड लफडी बाहेर काढतील असं कोणीतरी लिहिलंय. म्हणजे आकडा पक्का नव्हताच, सहाही चालायचे नऊही चालायचे, मग ट्रक नि पट्टे मोजत बसण्यात काय अर्थ? मला तरी कापडाचंच वाटतं, कारण ठाण उलगडत जावं तशी लांबलचक गोष्ट सांगणं हे कुठल्याही गावात सुचेल, पण पुरावा त्यालाही नाही.

आजीला विचारून ठेव, तिची सगळी लुगडी खरंच नऊ वार भरतात का, की दुकानदार मापात मारायचा. आणि मेतकूट संपलंय, कोणी येणार असेल तर पाठव.

तुझी,
चिमी