शपथ बदलली ती मतदारांच्या हट्टामुळे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ब्रिटनच्या इतिहासाचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरीव विधान हमखास ऐकायला मिळते: फ्रान्सने जे रक्त सांडून मिळवले, ते इंग्रजांनी समजूतदारपणे, टप्प्याटप्प्याने आणि कायद्याच्या मार्गाने मिळवले. इंग्रजांनीही १६४९ मध्ये आपल्या राजाचा शिरच्छेद केला होता, हे त्या ओघात विसरले जाते. इतिहासाची शिक्षिका म्हणून मीसुद्धा वर्षानुवर्षे १८३२ चा सुधारणा कायदा, म्हणजे मताचा हक्क अधिक लोकांना देणारा कायदा, याच सुरात शिकवला. निवृत्तीनंतर एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश संसदेचा इतिहास सवडीने वाचला, तेव्हा लक्षात आले की या कथेतून नेमका मतदारच गळालेला आहे. सरकारने आणि उमरावांनी काय दिले हे आपण शिकवतो. ते त्यांना का द्यावे लागले हे मात्र सांगत नाही. ही उणीव संसदेच्या शपथेच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

सतराव्या शतकातील कायद्यांनी ब्रिटनमध्ये सत्तेची दारे धर्माच्या कुलपाने बंद केली होती. १६७३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी पद घेणाऱ्याला इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी करावा लागे. १६७८ च्या कायद्याने तर संसदेच्या दोन्ही सभागृहांतील सदस्यांना जाहीर करावे लागे की, त्या विधीत भाकरी आणि द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या देहात व रक्तात रूपांतर होते ही रोमन कॅथलिक श्रद्धा आपल्याला मान्य नाही, आणि संतांचा धावा व मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) ही मूर्तिपूजा आहे. कोणत्याही प्रामाणिक कॅथलिक माणसाला हे शब्द उच्चारणे शक्य नव्हते आणि त्यासाठीच ते लिहिलेले होते. पुढे १७७८ मध्ये कॅथलिकांना काही किरकोळ सवलती देण्यात आल्या, तर दोनच वर्षांनी, १७८० च्या जूनमध्ये, त्याविरुद्ध लंडनमध्ये कित्येक दिवस दंगल पेटली आणि शेकडो माणसे मेली. रक्त न सांडता झालेल्या परिवर्तनाची ही सुरुवात होती.

१८२८ मध्ये प्रभुभोजनाची अट रद्द झाली आणि अधिकृत चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथांना पदे खुली झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये आयर्लंडच्या क्लेअर मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. डॅनिएल ओकॉनेल हे कॅथलिक वकील उमेदवार म्हणून उभे राहिले. कॅथलिकाला निवडणूक लढवण्यास बंदी नव्हती, निवडून आल्यावर ती शपथ घेणे मात्र अशक्य होते. कायद्यातील ही फट त्यांनी बरोबर हेरली. त्यांच्यामागे कॅथलिक असोसिएशन होती आणि तिचा निधी दरमहा एक पेनी अशा वर्गणीतून उभा राहिलेला होता. गरिबातल्या गरीब कुळालाही ती पेनी देता येत होती, आणि ती दिली की तो स्वतःला चळवळीचा मानकरी समजत होता.

त्या निवडणुकीतील मतदार कोण होते, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. वर्षाला चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंड, मोलाची जमीन ज्याच्याकडे आहे त्या छोट्या शेतकऱ्याला मत होते. गुप्त मतदान ब्रिटनमध्ये १८७२ मध्ये आले. तोवर मत सर्वांसमक्ष, मोठ्याने सांगून द्यावे लागे, आणि ते ऐकायला जमीनदाराचा माणूस समोर उभा असे. जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध मत देणारा शेतकरी आपल्या डोक्यावरचे छप्परच पणाला लावत होता. तरीही क्लेअरच्या मतदारांनी ओकॉनेल यांना २,०५७ आणि मंत्रिपदाच्या जोरावर उभे असलेल्या प्रतिस्पर्ध्याला ९८२ मते दिली. पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि गृहमंत्री रॉबर्ट पील हे दोघेही कॅथलिकांना संसद खुली करण्याचे जुने विरोधक होते. पण हेच लोण आयर्लंडभर पसरले तर यादवी टाळता येणार नाही, हे त्यांनी ओळखले. राजा चौथा जॉर्ज अखेरपर्यंत कुरकुरत राहिला, पीलना ऑक्सफर्ड विद्यापीठाची संसदेतील जागा गमवावी लागली, वेलिंग्टन यांनी एका उमरावाशी द्वंद्वयुद्ध केले आणि १३ एप्रिल १८२९ रोजी कॅथलिकांना संसद खुली करणारा कायदा संमत झाला.

या विजयाची किंमत कोणी मोजली, हे आपल्या पुस्तकांत मला क्वचितच आढळले. त्याच वेळी दुसरा कायदा करून आयर्लंडच्या ग्रामीण मतदारसंघांतील मालमत्तेची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यात आली. दोन लाखांहून अधिक असलेली मतदारसंख्या त्यामुळे सुमारे ३७,००० वर आली. ज्या शेतकऱ्यांनी ओकॉनेल यांना निवडून दिले, त्यांचेच मत काढून घेतले गेले. श्रीमंत कॅथलिकाला संसदेत बसण्याचा हक्क मिळाला आणि गरीब कॅथलिकाच्या हातून मताची सारी ताकद निसटली. खुद्द ओकॉनेल यांनाही लगेच बसू दिले नाही. नवा कायदा पूर्वी निवडून आलेल्यांना लागू नाही, असे सांगून मे १८२९ मध्ये त्यांच्यासमोर जुनीच शपथ ठेवण्यात आली. तिच्यातील एक विधान खोटे असल्याचे मला ठाऊक आहे आणि दुसरे खोटे असल्याची माझी समजूत आहे, अशा आशयाचे उत्तर देऊन ते बाहेर पडले. क्लेअरने त्यांना पुन्हा, या वेळी बिनविरोध, निवडून दिले.

कॅथलिकांसाठी दार उघडल्यावर पुढच्याच वर्षी ज्यूंचा प्रश्न पुढे आला, आणि येथे मुंबईच्या वाचकांना परिचित असलेले एक नाव भेटते. ज्यूंवरील राजकीय बंधने उठवण्याचे विधेयक एप्रिल १८३० मध्ये मांडणारे सदस्य होते रॉबर्ट ग्रँट. विधेयकाच्या बाजूने मेकॉले यांनी संसदेतील आपले पहिले भाषण केले, तरी मे महिन्यात ते १६५ विरुद्ध २२८ मतांनी फेटाळले गेले. १८३३ मध्ये ते कनिष्ठ सभागृहात संमत झाले, पण उमरावांच्या सभागृहात अडले. हेच ग्रँट १८३५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले, १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला वारले, आणि त्यांच्याच नावाने १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. ग्रँट रोड स्थानकावर रोज उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? मला स्वतःला ते साठी उलटल्यावर समजले, याची खंत वाटते.

ज्यूंच्या वाटेत आता शपथेतील फक्त काही शब्द उभे होते: ‘ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेला स्मरून’. १८४७ मध्ये लंडनच्या ‘सिटी’ मतदारसंघाने बॅरन लायनेल द रॉथशिल्ड यांना निवडून दिले. १८५० मध्ये ते सभागृहात गेले आणि आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवून त्यांनी शपथ म्हटली. मात्र हे शब्द आले तेव्हा ते वगळून ‘ईश्वर मला साह्य करो’ एवढेच म्हणाले. त्यांना बाहेर जाण्यास सांगण्यात आले. दुसरे ज्यू सदस्य डेव्हिड सॉलोमन्स यांनी १८५१ मध्ये हे शब्द न उच्चारताच आसन घेतले, मतदानही केले, आणि न्यायालयाने त्यांना ५०० पौंड दंड ठोठावला. कनिष्ठ सभागृह विधेयक संमत करी आणि वरिष्ठ सभागृह ते परत पाठवी, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला. या साऱ्या काळात सिटीच्या मतदारांनी काय केले? त्यांनी रॉथशिल्ड यांना १८४७, १८४९, १८५२ आणि १८५७ मध्ये दोनदा, असे एकूण पाच वेळा निवडून दिले. आपला प्रतिनिधी सभागृहात बसू शकत नाही, म्हणजे एका परीने आपले मत वाया जात आहे, हे ठाऊक असूनही त्यांनी उमेदवार बदलला नाही. अखेर प्रत्येक सभागृहाने स्वतःपुरता ठराव करावा अशी तडजोड निघाली आणि २६ जुलै १८५८ रोजी रॉथशिल्ड यांनी ज्यू रिवाजाप्रमाणे मस्तक झाकून शपथ घेतली. पुढे संसदेत त्यांनी एकही भाषण केले नाही, असे म्हणतात. मला त्यात उणे काही वाटत नाही. त्यांचे तेथे बसणे हेच त्यांच्या मतदारांचे म्हणणे होते.

तिसरा प्रसंग सर्वांत कठीण होता, कारण या वेळी दाराशी उभा असलेला माणूस कोणताच धर्म मानत नव्हता. एप्रिल १८८० मध्ये नॉर्थहॅम्प्टनमधून चार्ल्स ब्रॅडलॉ निवडून आले. हे गाव चर्मकारांचे, जोडे बनवणाऱ्या कारागिरांचे, आणि मतदारही त्यातलेच. ब्रॅडलॉ उघड निरीश्वरवादी होते. शपथेऐवजी ईश्वराचे नाव न घेता प्रतिज्ञा करण्याची परवानगी त्यांनी मागितली. शपथ घेणेच निषिद्ध मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथीयांना ती १८३३ पासून मिळत होती. सभागृहाने ती नाकारली. मग शपथ घेतो म्हणाले, तर नास्तिकाच्या शपथेला अर्थ नाही म्हणून तीही घेऊ दिली नाही. जून १८८० मध्ये त्यांना घड्याळाच्या मनोऱ्यातील खोलीत एक रात्र कोठडीत ठेवले. ३ ऑगस्ट १८८१ रोजी पोलिसांनी आणि सभागृहाच्या शिपायांनी या धिप्पाड माणसाला ओढत बाहेर काढले. फेब्रुवारी १८८२ मध्ये त्यांनी खिशातून बायबलच्या नव्या कराराची प्रत काढून स्वतःच स्वतःला शपथ दिली, तेव्हा त्यांचे सदस्यत्वच रद्द झाले. नॉर्थहॅम्प्टनने त्यांना १८८०, १८८१, १८८२, १८८४ आणि १८८५ मध्ये निवडून दिले. येथेही आकडा पाचच.

या लढ्यातील एक गोष्ट मला फार बोचते. १८८३ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारने प्रतिज्ञेचा पर्याय सर्वांना देणारे विधेयक आणले. ग्लॅडस्टन अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती होते, आणि तरीही त्या विधेयकासाठी त्यांनी केलेले भाषण त्यांच्या सर्वोत्तम भाषणांत गणले जाते. विधेयक २८९ विरुद्ध २९२, म्हणजे अवघ्या तीन मतांनी पडले. विरोधात मते देणाऱ्यांमध्ये आयर्लंडचे अनेक कॅथलिक सदस्य होते. ज्यांच्या वडीलधाऱ्यांना अशाच एका शपथेने अर्धशतकापूर्वी दाराबाहेर ठेवले होते, त्यांनीच आता दुसऱ्यासाठी दार लावून घेतले. त्यांची धर्मश्रद्धा प्रामाणिक होती, हे मी नाकारत नाही; पण ज्या हक्काने ते त्या बाकांवर बसले होते, तो हक्क केवळ कॅथलिकांचा नव्हता, मतदारांचा होता, हे त्यांनी ओळखायला हवे होते.

जानेवारी १८८६ मध्ये नव्या सभापतींनी कोणालाही आक्षेप घेऊ न देता ब्रॅडलॉ यांना शपथ घेऊ दिली. हे सभापती, आर्थर पील, म्हणजे १८२९ च्या रॉबर्ट पील यांचेच चिरंजीव. १८८८ मध्ये ब्रॅडलॉ यांच्याच पुढाकाराने प्रतिज्ञेचा पर्याय कायद्यात आला. १८८९ च्या डिसेंबरमध्ये ते काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनासाठी मुंबईला आले. हिंदुस्थानचे प्रश्न ते संसदेत इतक्या चिकाटीने मांडत की त्यांना ‘हिंदुस्थानचे सदस्य’ म्हटले जाई. २७ जानेवारी १८९१ रोजी कनिष्ठ सभागृहाने त्यांच्याविरुद्धचा १८८० चा ठराव आपल्या दप्तरातून काढून टाकला. त्या वेळी ते मृत्युशय्येवर होते आणि ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचू शकली नाही. ३० जानेवारीला ते गेले. त्यांच्या अंत्यविधीला जमलेल्या भारतीयांमध्ये लंडनला बॅरिस्टरीचे शिक्षण घेणारे तरुण मोहनदास गांधीही होते.

पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या काही मतांनी निवडून आले आणि त्यांनी पारशांच्या खोर्देह अवेस्तावर शपथ घेतली. सभागृहात त्यावरून वादळ उठले नाही. त्यांचे कर्तृत्व मोठे होतेच, परंतु ते ज्या दारातून आत गेले ते क्लेअरच्या कुळांनी, सिटीच्या व्यापाऱ्यांनी आणि नॉर्थहॅम्प्टनच्या चर्मकारांनी उघडून ठेवलेले होते.

आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आमदार-खासदाराला ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घेण्याचा किंवा तसे न करता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याचा पर्याय पहिल्या दिवसापासून आहे. विधानसभेतील शपथविधी आपण दूरदर्शनवर पाहतो, तेव्हा हा पर्याय आपल्याला इतका साधा वाटतो की त्याकडे लक्षही जात नाही. म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्यांना आणि माझ्या शिक्षक सहकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे की, १८३२ चा कायदा शिकवताना निदान एक तास या शपथेला द्यावा. १८२९ मध्ये मत गमावलेल्या आयरिश शेतकऱ्यांची संख्या फळ्यावर लिहावी, आणि मुंबईच्या शाळांनी त्या तासाची सुरुवात ग्रँट रोड या नावापासून करावी.

आपली विश्वासू,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका, सातारा