थार की जिम्नी: आमच्या मेस्त्रींना जाहीर धन्यवाद

मेस्त्रीनू,

सप्रेम नमस्कार. तोंडावर आभार मानले की तुम्ही पान्हा उचलून दुसऱ्या गाडीखाली शिरता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

आमच्या देवगडच्या कलमांकडे जाणारी वाट तुम्हाला माहीत आहेच. दोन्ही अंगांना चिऱ्याचे गडगे, मधे जेमतेम पाणंद आणि शेवटी लाल मातीचा चढ. त्यासाठी जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, बघत होतो. २०२१ची महिंद्राची डिझेल थार आणि २०२३ची मारुतीची पेट्रोल जिम्नी, दोन्ही बजेटात बसणाऱ्या. मी आकडे लिहूनच आणले होते: थारची ताकद १३० बीएचपी, टॉर्क ३०० न्यूटन मीटर, जिम्नीचे १०३ आणि १३४. ग्राउंड क्लिअरन्स २२६ आणि २१० मिमी. कागदावर थारच्या बाजूने निकाल लागलेलाच होता. तुम्ही कागद बघितलात, परत दिलात आणि म्हणालात, "गाडी मगे बघूया, आधी तुझो रस्तो दाखव."

मग पाणंदीत टेप धरलात. जिम्नीची रुंदी १६४५ मिमी, थार १८०० च्या वर, आरसे वेगळेच. तिथेच माझा अर्धा उत्साह उतरला.

उरलेला थारखाली उतरला. वरून गाडी चकाचक, चासीला ताजं काळं कोटिंग. तुम्ही पाठीवर झोपून आत सरकलात आणि चासीच्या भोकात बोट घालून बाहेर काढलंत, तर बोटाला वाळू. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. मागच्या डिफरेन्शियलचा, म्हणजे वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीचा, प्लग सैल केल्यावर तेल दुधाळ आलं. डिफरेन्शियल तापलेलं असताना पाण्यात गेलं की एकदम थंड होतं आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या नळीतून) किंवा सीलमधून पाणी आत ओढून घेतं, हे मला तेव्हा कळलं. मालक म्हणाले, किनाऱ्यावरचं घर आहे, खारी हवा लागणारच. तुमचं उत्तर अजून आमच्या घरात चालतं: "ही हवा खावक नाय गेली, आंघोळ करून इली हा." पुळणीवर गाड्या घालून रील काढणाऱ्यांना हे कोणीतरी ऐकवायला हवं.

जिम्नीला तुम्ही सवलत दिलीत असंही नाही. एजंट चारही चाकं जोडून डांबरावर गोल फिरवून दाखवणार होता, त्याला थांबवलंत. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये मधलं डिफरेन्शियल नाही, कोरड्या डांबरावर वळताना सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो. मग मातीच्या चरावर तिरकी चढवून एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक अधांतरी ठेवलंत. आधी ती चाकं नुसतीच गरगरली, मग त्यांना आपोआप ब्रेक कटकट करत लागले आणि गाडी हळूच वर आली. लो रेंजचा, म्हणजे गाडी हळू पण जास्त जोराने ओढणाऱ्या गिअरचा, दांडा दोनतीनदा टाकून काढून बघितलात. चारही टायर एकाच कंपनीचे, सारखेच झिजलेले आहेत ना, तेही तपासलंत.

आणि उणंही सांगितलंत. भरल्या गाडीने फोंडा घाट चढताना इंजिन रडेल, मागची सीट उभी असेल तर डिकी फक्त २०८ लिटर, आंब्याच्या पेट्या टपावर बांधाव्या लागतील. मात्र आईला मागे बसायला स्वतंत्र दार आहे. थारमध्ये पुढची सीट वाकवून तिला आत चढवणं म्हणजे रोजची कसरत झाली असती. शिवाय सहा एअरबॅग, थारमध्ये दोनच. कागदांचं तुम्ही एका वाक्यात उरकलंत: आरसीवरचा बँकेचा बोजा उतरल्याशिवाय पैसे देऊ नको. तसंच केलं.

जिम्नी घेतली. पहिल्याच पावसात ती लो रेंजमध्ये चढ चढली, दोन्ही आरसे शाबूत.

त्या दिवसाची मजुरी तुम्ही घेतली नाहीत, थारचा प्लग परत बसवताना लागलेल्या वॉशरचे पैसेसुद्धा नाहीत. पुढच्या महिन्यात दोन्ही डिफरेन्शियलचं तेल बदलायला गाडी आणतोय. तेव्हा बिल करा. नाही केलंत, तर पैसे तुमच्या पोराच्या हातात देऊन निघेन.

तुमचा,
वरच्या वाडीतला जिम्नीवाला