पारी बानूचा प्रसंग पुन्हा दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

जर्मन दिग्दर्शिका लोटे राइनिगर यांचा ‘प्रिन्स अखमेदची साहसे’ हा १९२६ सालचा सावल्यांचा मूकपट आपण परवा दाखवलात, तेव्हापासून मन भरून आलेले आहे. फोनवर आभार मानून समाधान होईना, म्हणून चारचौघांत लिहीत आहे.

हाच चित्रपट दाखवावा, अशी विनंती मी पूर्वी एका संस्थेकडे केली होती. ‘ही तर मुलांची करमणूक’ म्हणत तिथल्या पदाधिकाऱ्यांनी मला बरेच दिवस टोलवले आणि अखेर एक करडी, कळाहीन प्रत दाखवली, तीही ढणढणते संगीत लावून. मूळ निगेटिव्ह नष्ट झाल्यावर एका जुन्या रंगछटांच्या प्रतीवरून हा चित्रपट पुन्हा सिद्ध झाला आहे, याची त्यांना ना माहिती होती ना ओढ. आपल्याकडे ते पिवळे, निळे, हिरवे रंग होते आणि वोल्फगांग त्सेलर यांचे मूळ संगीतही.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते मात्र नंतरचे. मंडळी चहाकडे वळली, तेव्हा आपण मी काही बोलण्याआधीच चित्रपटाची नायिका पारी बानू हिचा तळ्याकाठचा प्रसंग मागे नेलात आणि एकेक चौकट थांबवत मला दाखवलात. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा यांची ती आकृती, सांधे तारेने जोडलेले. चेहऱ्यावर भाव रंगवायला जागाच नाही, तरी नुसती मान कलताच तिचा संकोच कळतो. पोट्सडाममध्ये एका गॅरेजच्या माळ्यावर, खालून उजेड दिलेल्या काचेवर आकृत्या किंचित हलवत राइनिगर यांनी तीन वर्षे हे काम केले. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ मी लहानपणापासून पाहत आलो आहे, म्हणून खात्रीने सांगतो, सावलीत हात जरा चुकला की लगेच उघडे पडते. इथे तो कुठेच चुकत नाही, आणि अशा जुन्या, आडवाटेच्या चित्रपटांची ओढ मला लागते ती याच हातासाठी.

समोरच्याची आवड क्षुल्लक न मानता तिच्यासाठी आपला वेळ खर्च करणारी माणसे फार थोडी भेटतात. आपण माझ्याहून कितीतरी अधिक जाणता, पण ते एकदाही जाणवू दिले नाहीत.

मी शिकवतो त्या वर्गातील मुलांनी काळ्या कागदाच्या आकृत्या कापायला घेतल्या आहेत. दिवाळीची सुटी संपल्यावर आपण हीच प्रत घेऊन शाळेत यावे, ही नम्र विनंती. पडद्याची आणि अंधाराची व्यवस्था मी करतो.

आपला ऋणी,
एक चित्रकला शिक्षक